‘या मॉडेलचं असंच असतं, मॅडम’

मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून माझा बराचसा दिवस वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. शिरवळपासून कागलपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना झगझगीत शोरूम दिसतात, त्यांच्या पाठीमागच्या शेडमध्ये माझे काम चालते. वाकलेले बंपर आणि फुटलेल्या काचा तिथे रोजच्याच. अलीकडे मात्र एक निराळा प्रकार वरचेवर पुढ्यात येतो. गाडीला ओरखडासुद्धा नाही, पण गिअरबॉक्स उतरवून बाकावर ठेवलेला, शेजारी दोन लाखांच्या पुढचे एस्टिमेट, आणि मालक मला विचारतोय, “ताई, विम्यात बसतंय का बघा की.”

बसत नाही. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि वापराने होणारी झीज वगळलेलीच असते. हे सांगून झाले की मी विचारते, त्रास कधीपासून होता? पहिले उत्तर ठरलेले: “अचानकच गेला.” चहा येईपर्यंत थांबले की दुसरे उत्तर येते. सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी जरा वेळ घ्यायची. कऱ्हाडला जाताना साठ-सत्तरच्या वेगात सीटखाली थरथर व्हायची. “मग दाखवली नाही?” “दाखवली की. ते म्हणाले, या मॉडेलचं असंच असतं.” मग मी मागच्या सर्व्हिसची जॉबकार्डे मागवते. थरथरीचा उल्लेख कुठेच नसतो. ‘जनरल चेकअप, वॉशिंग, व्हील अलाइनमेंट’, संपले.

माझा सगळा राग त्या न लिहिलेल्या ओळीवर आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सहसा एका रात्रीत मरत नाही. आधी कित्येक महिने तो कुरकुरतो, आणि ती कुरकुर स्कॅनरच्या आधी मालकाच्या पायाला आणि पाठीला कळते. मालकाने ती ओळखली पाहिजे आणि वर्कशॉपने ती मालकाच्याच शब्दांत लिहून घेतली पाहिजे. पहिले काम आपल्या हातातले आहे, म्हणून आधी त्याविषयी.

कुणी मला नुसते “गाडी ऑटोमॅटिक आहे” म्हणाले की मी पुढचा प्रश्न विचारते: कुठली ऑटोमॅटिक? आपल्याकडे या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात, आणि एकाचा जो स्वभाव तो दुसऱ्याचा आजार असतो. एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच म्हणजे डीसीटी. मी भेटते त्यातल्या पुष्कळ मालकांना आपल्या गाडीत यातले काय आहे हे ठाऊक नसते. गाडीचा रंग निवडायला घरातले चौघे दोन रविवार शोरूमला जातात, आणि गिअरबॉक्सचा प्रकार ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात राहून जातो. तेव्हा आधी मॅन्युअल उघडून ते बघा. त्याशिवाय लक्षणांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राच्या लहान गावांपर्यंत ऑटोमॅटिक पोचवली ती एएमटीने. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ मॅग्नेटी मारेलीची ही यंत्रणा घेऊन आली, आणि साध्या गाडीच्या किमतीत थोडी भर घातली की डाव्या पायाला सुट्टी मिळू लागली. आत गिअरबॉक्स नेहमीचा, हाताने गिअर टाकायचाच असतो. क्लच प्लेटही तीच, एकच आणि कोरडी. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेलाच्या दाबावर चालणारा अ‍ॅक्ट्युएटर करतो. त्यामुळे पहिल्याचा दुसरा पडताना गाडी किंचित अडखळते आणि बसणाऱ्याची मान डोलते. हा बिघाड नाही. गिअर पडतोय असे वाटले की पाय जरासा उचलला की डोलणे कमी होते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडताच कुठूनतरी घुर्र असा आवाज येतो, त्यालाही घाबरू नये; अ‍ॅक्ट्युएटरचा पंप दाब तयार करत असतो. पण तो पंप गाडी उभी असताना पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय.

एएमटीचा खरा शत्रू चढ. खंबाटकीच्या चढावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग अडकली की मी आजूबाजूला पाहते. ब्रेक न दाबता नुसत्या रेसवर गाडी जागेवर तोलून धरलेली असते. मालकाला वाटते, ऑटोमॅटिक आहे, ती सांभाळून घेईल. आत क्लच प्लेट घासत असते. काही वेळाने जळका वास येतो, तो पुढच्या ट्रकच्या लायनरचा समजून काच वर केली जाते. अशा प्लेटचे आयुष्य संपत आले की ते चढावरच कळते: रेस वाढते, आरपीएमचा काटा वर जातो, गाडी मात्र त्या प्रमाणात पळत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे डी टाकला तरी पडद्यावर एन लुकलुकत राहतो. प्लेट बदलणे हे काही मोठे ऑपरेशन नाही. पण बदलल्यावर कंपनीच्या स्कॅनरने क्लचचे लर्निंग करून घ्यावे लागते, म्हणजे प्लेट कुठे पकडते हे संगणकाला नव्याने शिकवावे लागते. हे न करता गाडी हातात दिली की ती पहिल्यापेक्षा जास्त झटके मारते आणि नव्या प्लेटला नावे ठेवली जातात.

टॉर्क कन्व्हर्टरचे प्रकरण निराळे आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखे. इथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पायाने दाबायच्या क्लचसारखी प्लेट नसते, तेलाने भरलेले बंद भांडे असते. इंजिनाकडची पाती तेल फिरवतात, ते तेल पलीकडची पाती फिरवते. पुढे प्लॅनेटरी गिअर आणि बारीक बारीक चकत्यांचे क्लच असतात, तेही तेलाच्याच दाबाने आवळले जातात. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक आणला तेव्हाही गिअर तेलाच्या दाबावरच बदलत. त्या काळी दाब कुठे सोडायचा हे व्हॉल्व्ह स्वतःच ठरवत, आज संगणक सोलेनॉइडला हुकूम देतो. म्हणजे ताकद पोचवायची तेलाने, क्लच आवळायचे तेलाने, उष्णता वाहून न्यायची तीही तेलाने. या गिअरबॉक्सची बहुतेक दुखणी तेलाच्या दाबाशी किंवा तेलाच्या प्रकृतीशी येऊन भिडतात.

पहिले लक्षण थंड गाडीत शोधायचे. सकाळी गाडी सुरू करा, सपाट जागा, ब्रेकवर पाय. एनमधून डीमध्ये टाका, मग आरमध्ये. गिअर लागल्याची हलकी चाहूल पाठीला लागते. ती लगेच लागली पाहिजे. मनात ‘एक, दोन’ म्हणून होईपर्यंत काहीच झाले नाही आणि मग धप्पकन धक्का बसला, तर आतला दाब वेळेवर तयार होत नाहीये. तेल कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, सील कडक झाले असेल. थंडीत उशीर आणि गाडी तापल्यावर ठीक, की उलट, हे लिहून ठेवा. मिस्त्रीचा निम्मा तपास तिथेच होतो.

दुसरे, घसरणे. चालत्या गाडीत गिअर बदलताना काटा एकदम वर उडतो आणि मग पुढचा गिअर पकडतो. त्या क्षणी कुठल्यातरी क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासून जळत असतात. हे लक्षण दिसल्यावर ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणणाऱ्याला मी नंतर बाकावरच्या गिअरबॉक्सशेजारी भेटते.

तिसरे लक्षण सगळ्यात फसवे. पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान, सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवलेला असताना गाडी काही सेकंद थरथरते, टोलनाक्याआधीच्या रंबलरवरून गेल्यासारखी, आणि मग काही घडलेच नाही अशी शांत होते. पेट्रोल वाचावे म्हणून या वेगाला कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू एकत्र जखडतो. तेल जुने झाले की तो नीट पकडत नाही, धरतो-सोडतो करतो. मालक चाके बॅलन्स करून घेतो, अलाइनमेंट करतो, टायर पुढचे मागे करतो. ओळखायची सोपी खूण आहे. थरथर सुरू असतानाच डाव्या पायाचा ब्रेकला अगदी निसटता स्पर्श करा, गाडी मंद होणार नाही इतका, आणि हे मोकळ्या रस्त्यावरच. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर चाकांवर खर्च करू नका. या टप्प्यावर कित्येकदा योग्य तेल बदलल्याने काम भागते. सहा महिने तसेच दामटले तर लॉकअपच्या अस्तराचा चुरा तेलात मिसळतो, तो तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो, आणि मग एस्टिमेटला आकडे लागत जातात.

आता तेल. गिअरबॉक्सचे ताजे तेल बहुतेक गाड्यांत लालसर असते. तपकिरी झालेले, जळका वास येणारे तेल दिसले की पुढे विचारायची गरज नाही. पूर्वी ते बघायला काडी असायची. आजच्या कित्येक गाड्यांत ती नाही. तेल ठरावीक तापमानाला आणून, खालचा नट उघडून पातळी बघावी लागते. ते कष्ट टाळायला एक सोयीचे वाक्य तयार आहे: “लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं.” कुणाच्या लाइफचे, गाडीच्या की वॉरंटीच्या? जगभरच्या महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते की तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदलावे. बनवणारा एक सांगतो आणि विकणारा दुसरे, तेव्हा मी बनवणाऱ्याचे ऐकते. घाट, ट्रेलर, शहरातली कोंडी, असा वापर असेल तर त्याहून आधी. मात्र तेल अगदी मॅन्युअलमधल्या नंबराचेच हवे. ‘सगळं सारखंच असतं, मॅडम’ म्हणून पिंपातले ओतणाऱ्याकडे गाडी ठेवू नये. नट उघडून बाहेर येते ते साधारण निम्मेच तेल, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. त्यामुळे जुने दुर्लक्षित तेल दोन-तीन टप्प्यांत बदलावे. मशीनच्या दाबाने एकदम फ्लश मारून आतला गाळ उसकटण्याला माझा तरी विरोध आहे.

सीव्हीटीबद्दल थोडक्यात. हॉलंडच्या हुब व्हान डोर्न यांनी १९५८ मध्ये डाफच्या छोट्या गाडीत रबरी पट्ट्यावर ही कल्पना चालवून दाखवली. आजचा पट्टा पोलादी आहे आणि दोन पुलींमध्ये चालतो. ठरावीक गिअर नाहीत, त्यामुळे ‘रेस आधी ओरडते, गाडी मागून येते’ ही तक्रार इथे तक्रारच नाही. काळजी करायची ती निघताना गाडी हबकत असेल तर, एका वेगाला स्थिर असताना काटा खालीवर होत असेल तर, किंवा वेगाबरोबर वाढणारा घरघराट ऐकू येत असेल तर. सीव्हीटीचे तेल वेगळे असते, दुसरे तेल पडले तर पट्टा घसरतो.

डीसीटी चालवायला गोड. दोन क्लच, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला, म्हणून बदल कळतही नाही. पण आपल्याकडच्या अनेक डीसीटींचे क्लच कोरडे आहेत, आणि बंपरला बंपर लावून सरकणे त्यांना सोसत नाही. एकाच बाजूचे गिअर नाहीसे झाले, म्हणजे गाडी दुसऱ्यातून थेट चौथ्यात जाऊ लागली, तर त्या अर्ध्या भागात बिघाड आहे. कोंडीत ‘ट्रान्समिशन गरम’ असा इशारा आला की बाजूला थांबायचे. पुढच्या गाडीमागे हातभर-हातभर सरकण्यापेक्षा अंतर पडू द्यावे आणि मग ब्रेक पूर्ण सोडून निघावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

याच जातीच्या गिअरबॉक्सने ऑस्ट्रेलियात एक खटला घडवला, तो मी जमेल त्या सर्व्हिस मॅनेजरला सांगते. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या थरथरत होत्या. ग्राहक तक्रार घेऊन गेले की अनेकांना सांगितले गेले की हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम. दोष काय आहे हे कंपनीला तेव्हा ठाऊक होते. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने कंपनीला कोर्टात नेले, आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हा दंड तक्रारदारांना ज्या तऱ्हेने वागवले त्यासाठी होता. चीनमध्ये त्याच्या पाच वर्षे आधी, मार्च २०१३ मध्ये, सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा विषय घेतला आणि काही दिवसांत फोक्सवॅगनने ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. दोन्हीकडे थरथर आणि धक्के हे मालकांनीच आधी ओळखले होते. ‘तुमच्या चालवण्यामुळे’ आणि ‘या मॉडेलचं असंच असतं’ ही सख्खी भावंडे आहेत.

तरी वर्कशॉपच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मालक गिअरबॉक्स म्हणून जे घेऊन येतो ते प्रत्येक वेळी गिअरबॉक्सचे नसते. डी किंवा आर टाकताना धडकन आवाज होतो, तो बऱ्याचदा इंजिनाचे फाउंडेशन तुटल्याचा असतो. एक स्पार्क प्लग मधूनच चुकत असेल तर ती थरथरही सीटखाली अशीच लागते. लिव्हर पीमधून निघतच नाही? आधी कुणाला तरी मागे उभे करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच गेलेला आहे. तो चिमुकला, स्वस्त स्विच परवानगी देत नाही तोवर लिव्हर हलत नाही. एएमटीत बॅटरी उतरली की गिअर रुसतात. आणि उतारावर लावलेली गाडी पीमधून काढताना खाडकन आवाज येतो तो यासाठी की गाडीचा सगळा भार आतल्या एका छोट्या खुंटीवर आलेला असतो. ब्रेक दाबून एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, शेवटी पी. पाहुणे आले की अंगणात हे कुणीच करत नाही.

माझ्या धंद्यात दोन प्रसंग असे येतात जिथे बिघाड ओळखायला उशीर म्हणजे क्लेम निकालात. एक, चेंबर. गावच्या रस्त्यावर दगड लागला, गिअरबॉक्सचा चेंबर फुटला, तेल ठिबकू लागले. इथवरचे नुकसान अपघाती, ते मिळते. मालक म्हणतो, साताऱ्यापर्यंत तर जाऊ. तेल नसताना गाडी पळवून आतल्या चकत्या जळाल्या की ते ‘त्यानंतर झालेले’ नुकसान ठरते आणि कंपनी हात वर करते. गाडी निघाल्यावर जमिनीवर लालसर डाग दिसला, रेस वाढून गाडी ढिली पडली, की बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ओढून न्यायची तर फ्लॅटबेडवर, किंवा निदान ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती उचलून. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा पंप बंद असतो. क्रेनवाल्याने चाके जमिनीवर ठेवून चाळीस किलोमीटर ओढले तर आतले भाग तेलावाचून फिरतात.

दुसरा, पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला ज्यांनी गाड्या पाण्यात पाहिल्या त्यांना सांगायला नको. गिअरबॉक्सला हवा घ्यायची एक नळी असते, पाणी त्यातून आत शिरते. तेलात पाणी मिसळले की ते दुधाळ गुलाबी होते. चकत्यांवरचे अस्तर कागदी धाग्यांचे असते आणि डिंकाने चिकटवलेले, पाण्याने ते सुटत जाते. सुरुवातीला गाडी नीट चालते, म्हणूनच ती धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. महिन्यांनंतर नवा मालक घसरणाऱ्या गिअरांची तक्रार घेऊन येतो.

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी म्हणून एक हट्ट धरावा: गाडी थंडच बघायची. एजंट तुमच्या येण्याआधी चक्कर मारून ती तापवून ठेवतो. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर उद्या सकाळी येतो म्हणा. मग डी-आरची चाचणी, हलक्या पायाने ऐंशीपर्यंत, एकदा जोरात पाय दाबून गिअर खाली येतो का, आणि जवळच्या चढावर रिव्हर्समध्ये मागे. सहसा कुणीही रिव्हर्समध्ये चढ चढून बघत नाही. थकलेला क्लच तिथे लपत नाही. सोबत स्कॅनर लावणारा माणूस असावा. साध्या स्कॅनरवर पी ०७०० एवढेच दिसले तर समजावे की गिअरबॉक्सच्या संगणकाने स्वतःजवळ काहीतरी नोंदले आहे; ते काय, हे वाचायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. काही नोंद सापडली नाही याचा अर्थ गाडी निरोगी असा होत नाही. पुष्कळ गाड्यांत बॅटरीची वायर काढली की नोंदीही जातात, आणि विकणाऱ्याच्या खिशात दहा नंबरचा पाना असतोच.

आता ती न लिहिलेली ओळ. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा पोरगेला मुलगा असतो, त्याला दिवसाचे पंचवीस-तीस जॉबकार्ड उघडायचे असतात आणि संगणकावरच्या यादीतून तक्रार निवडायची असते. यादीत ‘थंड असताना रिव्हर्स उशिरा लागतो’ असे काही नसते. तो मुलगा वाईट नाही. पण वॉरंटीच्या वेळी, कोर्टात, माझ्या टेबलावर, सगळीकडे कागद बोलतो. कोरेगावच्या एका शिक्षिकेने काय केले ते सांगते. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “मॅडम, सिस्टिममध्ये मराठी टाइप होत नाही.” बाई म्हणाल्या, “मग प्रिंट दे बाळा, मी हाताने लिहिते.” आणि त्यांनी लिहिले: सकाळी सात, गाडी थंड, सपाट अंगण, आर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काही नाही, मग धक्का, तापल्यावर होत नाही, साठच्या वेगात तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये काटा उडतो. खाली सही, तारीख, किलोमीटर. फोनवर काट्याचा व्हिडिओ, शेजारी बसलेल्या मुलीने काढलेला. जॉबकार्डचा फोटो काढून त्यांनी तो वर्कशॉपलाच ईमेल केला. वॉरंटी संपल्यावर व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागली तेव्हा खर्च कंपनीने उचलला, कारण तक्रार वॉरंटीतली होती. फार शिकवून होणारी गोष्ट नाही ही, पण मी पाहिलेल्या कागदांत एवढे नेमके वर्णन क्वचितच दिसते.

कंपन्यांकडून माझी मागणी मोठी नाही. गाडीची किल्ली देताना एक पान मराठीत द्यावे: तुमच्या गाडीत कुठल्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे, त्यात काय होणे स्वाभाविक, काय झाले तर लगेच आणायचे, तेल कधी बदलायचे. आणि जॉबकार्डवर ग्राहकाच्या शब्दांसाठी एक रिकामी चौकट ठेवावी, जी यादीतून भरता येणार नाही. ‘या मॉडेलचं असंच असतं’ म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण त्या चौकटीखाली सहीनिशी लिहून द्यावे.

ते लिहून देणार नाहीत, म्हणून कायद्याचे दोन धागे माहीत असावेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. एका मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या आणि दोष सुरक्षिततेला बाधक असला तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात. हायवेवर ओव्हरटेक करताना गिअर सुटणे सुरक्षिततेचा प्रश्न नाही, असे कुणी माझ्या तोंडावर म्हणून दाखवावे. पण तक्रारींची संख्या भरायला आधी तक्रारी नोंदल्या जायला हव्यात. दुसरा धागा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. दोष ठरवायला आयोग गाडीची तांत्रिक तपासणी करवू शकतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ते कारण नेमके कुठल्या दिवशी घडले यावरच दोन्ही वकील बराच वेळ भांडतात, आणि त्या दिवसाचा पुरावा म्हणून सगळ्यात आधी जॉबकार्डच मागितले जाते.